श्रवणयंत्र कुठून घ्यावं: ठिकाण पारखण्याचे टप्पे

"कुठल्या कंपनीचं मशीन चांगलं?" श्रवणयंत्र घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो आणि दुसरा किमतीचा. ते कानात बसवून कोण देणार, हे विचारायचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. घराजवळ जे दिसेल किंवा ज्याची जाहिरात पाहिली असेल तिथे माणूस जातो, तासाभरात पिशवी घेऊन बाहेर पडतो, आणि दोन महिन्यांनी ते यंत्र डबीत जाऊन बसतं.

माझ्या वडिलांचं यंत्र असंच दीड वर्ष कपाटात पडून होतं. घातलं की सगळं डब्यात बोलल्यासारखं घुमतं आणि माणसाचं बोलणं तरीही कळत नाही, ही त्यांची तक्रार. "सवय होईल" असं आम्ही सगळे त्यांनाच समजावत राहिलो, हे मला अजून बोचतं. शेवटी नवं यंत्र घ्यायच्या तयारीने दुसरीकडे गेलो. तिथल्या ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, बाईंनी जुनंच यंत्र मागून घेतलं, ते कानात घालून मोजमाप केलं आणि पडद्यावरच्या रेघा आम्हाला दाखवल्या. खालच्या सुरांचे आवाज गरजेपेक्षा जास्त होते. स, श, च, फ ही अक्षरं ज्या वरच्या सुरांत असतात, तिथे जवळपास काहीच मदत पोचत नव्हती. पाऊण तासात तेच यंत्र नव्याने बसवलं गेलं, आणि आजही ते तेच वापरतात.

तेव्हापासून मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की आधी ठिकाण पारखा, यंत्राचं नंतर बघू. खालचे टप्पे याच क्रमाने करा. क्रम उलटा केला तर मधल्या चुका दुरुस्त करणं महाग पडतं.

## टप्पा १: दुकानाआधी कानाचा डॉक्टर

ऐकू कमी येतं याचा अर्थ यंत्र हवंच असा नाही. कानात मळ घट्ट बसलेला असू शकतो, पडद्यामागे पाणी साठलेलं असू शकतं किंवा पडद्याला भोक असू शकतं. यातलं बरंच काही उपचारांनी सुधारतं. म्हणून पहिली भेट कान-नाक-घसा तज्ज्ञाची.

मळ निघाला नसेल तर पुढची चाचणीही चुकीची येते. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्या. घरी काडी घालू नका, त्याने मळ आणखी आत ढकलला जातो.

सावधान: एका किंवा दोन्ही कानांनी अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येईनासं झालं असेल तर ती तातडीची बाब आहे. यंत्राच्या चौकशीत एक दिवसही घालवू नका. त्यावरच्या औषधांचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच सगळ्यात जास्त होतो. एकाच कानाने कमी ऐकू येणं, एकाच कानात सतत आवाज, कान वाहणं, कानदुखी किंवा सोबत गरगरणं, यांतलं काहीही असलं तरी डॉक्टरांची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्र घेऊ नका. यांपैकी एखादी तक्रार ऐकूनही "काही नाही, मशीन घाला" असं म्हणणाऱ्या ठिकाणाची तिथेच पारख झाली.

## टप्पा २: पूर्ण चाचणी, आणि तिचा कागद हातात

इथे सगळ्यात जास्त गफलत होते. हेडफोन लावून दहा मिनिटं पीं-पीं ऐकवली, एक आलेख काढला, की लोकांना वाटतं चाचणी झाली. ती अर्धीच झालेली असते.

यंत्र बसवण्यासाठीच्या चाचणीत आधी दुर्बिणीने कान आतून पाहतात. मग हेडफोनमधून, म्हणजे हवेतून येणारा आवाज तपासतात. त्यानंतर कानामागच्या हाडावर छोटं कंपक ठेवून हाडातून येणारा आवाज तपासतात. या दोन निकालांत फरक असेल तर अडचण बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याची शक्यता असते आणि पुन्हा डॉक्टरांकडे जावं लागतं. हाडाची चाचणी गाळली तर हे कधी कळतच नाही.

पुढचा भाग शब्दांचा. आरामात ऐकू येईल इतक्या मोठ्याने शब्द ऐकवून किती बरोबर ओळखता येतात ते पाहतात. "आवाज येतो पण शब्द लागत नाही" ही तक्रार इथे आकड्यात उतरते. सात वाजता की आठ, हे ज्याला परत विचारावं लागतं त्याचा 'स' निसटलेला असतो. शब्द ओळखण्याचे गुण फारच कमी असतील तर यंत्राने किती फरक पडेल हे आधीच प्रामाणिकपणे सांगता येतं, आणि चांगलं ठिकाण ते सांगतं. किती मोठा आवाज असह्य होतो, तेही मोजलं पाहिजे. नाहीतर यंत्र घातल्यावर दार आपटलं की माणूस दचकून ते काढून टाकतो.

ऑडिओग्राम, म्हणजे चाचणीचा आलेख, वाचणं अवघड नाही. उजवा कान लाल गोल, डावा कान निळी फुली. डावीकडून उजवीकडे सूर चढत जातो, साधारण २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत. वरून खाली डेसिबेल वाढतात, म्हणजे रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. वयानुसार ऐकू कमी होतं तेव्हा रेघ बहुधा उजवीकडे उतरत जाते.

चाचणीच्या आदल्या दिवशी मोठ्या आवाजापासून लांब राहा. लाउडस्पीकरजवळ किंवा यंत्रांच्या खडखडाटात बराच वेळ काढला की कान काही तास बधिर राहतात आणि निकाल खोटा येतो.

तपासा:
- चाचणी आवाज अडवणाऱ्या बंद खोलीत झाली का? बाहेरची बोलणी आत ऐकू येत असतील तर निकालावर विश्वास ठेवू नका.
- कागदावर हवा आणि हाड, दोन्हींच्या खुणा आहेत का? शब्दांचे गुण लिहिले आहेत का?
- दोन कानांत मोठा फरक, साधारण ४० डेसिबेल किंवा जास्त, दिसत असेल तर चाचणी घेताना चांगल्या कानात सळसळ आवाज सोडला होता का? तो सोडला नसेल तर चांगल्या कानानेच दुसऱ्याचा पेपर सोडवलेला असू शकतो.
- अहवालाची प्रत मिळाली का? ती तुमची आहे. "मशीन घेतलंत तर देऊ" असं म्हणणाऱ्याकडे पुढे जाऊ नका.

फुकट चाचणीबद्दल एवढंच: ती घ्यायला हरकत नाही, पण वरच्या प्रश्नांना उतरली तरच तिच्यावर यंत्र घ्या. आणि अहवाल सहा महिन्यांहून जुना असेल तर चाचणी नव्याने करून घ्या.

## टप्पा ३: आपल्या गरजा कागदावर

"नीट ऐकू यावं" ही गरज म्हणून कोणाच्याच कामाची नाही. पाच प्रसंग लिहा, नेमके: नातवाचं फोनवरचं बोलणं. सगळे एकत्र जेवायला बसल्यावर टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस. बैठकीत मागून कोणी विचारलेला प्रश्न. दारावरची घंटा. टीव्ही, शेजाऱ्यांना त्रास न होईल इतक्या आवाजात. मग त्यांना महत्त्वाचे क्रमांक द्या. हाच कागद पुढे यंत्र वापरून पाहण्याच्या काळात निकालपत्र म्हणून वापरायचा आहे, म्हणून जपून ठेवा.

सोबत हातांचंही बघा. बोटं थरथरत असतील, बधिर होत असतील किंवा नजर अधू असेल तर बारीक सेल बदलणं रोजची लढाई होते. सेलच्या आकाराला रंग ठरलेले आहेत: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. १० नंबरचा सेल जेमतेम डाळीच्या दाण्याएवढा असतो. अशा माणसाला चार्जिंगचं किंवा मोठ्या सेलचं, कानामागे बसणारं यंत्र सोयीचं. कानाच्या आत पूर्ण लपणारं यंत्र दिसत नाही म्हणून घ्यावंसं वाटतं; पण ते सगळ्यात बारीक असतं, मळाने लवकर अडतं आणि जास्त बहिरेपणाला सहसा पुरत नाही.

आई-वडिलांसाठी घेत असाल तर ही यादी त्यांना लिहू द्या. मुलांची गरज "टीव्हीचा आवाज कमी व्हावा" ही असते, त्यांची वेगळी असते.

## टप्पा ४: ठिकाणांची छाननी

ठिकाणं ढोबळमानाने चार प्रकारची: रुग्णालयाचा श्रवण विभाग, अनेक ब्रँड ठेवणारं स्वतंत्र क्लिनिक, एकाच कंपनीचं किंवा साखळीचं दुकान, आणि चष्म्याच्या वा औषधांच्या दुकानातला एक कोपरा. पाचवं म्हणजे ऑनलाइन. मी अनेक ब्रँड ठेवणाऱ्या क्लिनिकच्या बाजूने आहे, कारण तिथे आधी कान आणि मग यंत्र असा विचार करायची सोय असते. पण साखळी दुकानातही मन लावून काम करणारी माणसं असतात. पाटीवरून निर्णय करू नका.

"अनेक ब्रँड" या शब्दालाही भुलू नका. जगातल्या बहुतेक मोठ्या ब्रँडांची मालकी मोजक्या समूहांकडे आहे: फोनॅक आणि युनिट्रॉन सोनोवाचे, ओटिकॉन आणि बर्नाफॉन डिमांटचे, सिग्निया, वाइडेक्स आणि रेक्स्टन डब्ल्यूएस ऑडिऑलॉजीचे, रीसाउंड जीएनचा, आणि स्टार्की वेगळी. फळीवर तीन नावं असली तरी घर एकच असू शकतं.

सावधान: काही साखळ्यांची यंत्रं कुलूपबंद असतात, म्हणजे त्यांचं प्रोग्रॅमिंग त्याच साखळीत होतं. उद्या गाव बदललं, ती शाखा बंद पडली किंवा तिथल्या माणसाशी पटेनासं झालं, तर दुसरा कोणताही ऑडिऑलॉजिस्ट त्याला हात लावू शकत नाही. आमचं यंत्र असं असतं तर वडिलांना ते दुसरीकडे नीट करून मिळालंच नसतं.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त "साउंड अ‍ॅम्प्लिफायर" बहुतेकदा सगळेच आवाज सरसकट वाढवतात. ज्याला फक्त वरचे सूर कमी ऐकू येतात त्याला त्यातून गोंगाटच जास्त मिळतो. आणि लहान मुलांसाठी ऑनलाइन किंवा कोपऱ्यातल्या दुकानाचा विचारही करू नका. मुलांची चाचणी वेगळी, कान वाढत असल्याने यंत्राचे साचे (कानाच्या मापाने केलेले कानात बसणारे भाग) पुन्हा पुन्हा करावे लागतात, आणि वाया गेलेले महिने म्हणजे बोलणं शिकण्याचे महिने असतात.

## टप्पा ५: फोनवरचे सहा प्रश्न

तीन-चार ठिकाणं निवडा आणि जाण्याआधी फोन करा. वेळ वाचतो, आणि बोलण्याच्या पद्धतीवरून बरंच कळतं.

१. चाचणी कोण घेतं आणि यंत्र कोण बसवतं? त्यांची पदवी आणि नोंदणी काय?
२. रिअल इअर मेझरमेंट, म्हणजे यंत्र कानात असताना कानाच्या पडद्यापर्यंत किती आवाज पोचतो याचं मोजमाप, करता का? प्रत्येकाला, की मागितल्यावर?
३. वापरून पाहायला किती दिवस देता? परत केलं तर किती पैसे कापता?
४. कोणते ब्रँड ठेवता? यंत्र कुलूपबंद आहे का?
५. नंतरच्या किती भेटी किमतीत धरल्या आहेत?
६. दुरुस्तीला गेलं तर तोवर वापरायला दुसरं देता का?

दुसरा प्रश्न सगळ्यात वजनाचा. "हो, सगळ्यांना करतो" असं सहज उत्तर आलं तर ते ठिकाण यादीत वर घ्या. "त्याची गरज नसते, कॉम्प्युटर आपोआप सेट करतो" असं उत्तर आलं तर माझ्या मते ते नाव खोडा. कॉम्प्युटरचं आपोआप सेटिंग सरासरी कान धरून चाललेलं असतं. प्रत्यक्ष कर्णनलिकेची लांबी-रुंदी माणसागणिक वेगळी, त्यामुळे कानाच्या पडद्यापर्यंत पोचणारा आवाजही वेगळा.

## टप्पा ६: प्रत्यक्ष भेट

रोज ज्याचा आवाज ऐकायचा आहे असं घरचं माणूस सोबत न्या. यंत्र घालून पाहताना ओळखीचा आवाज ऐकणं हीसुद्धा एक चाचणी आहे.

तिथे गेल्यावर बघायचं ते असं. ऑडिओमीटरच्या (चाचणीच्या यंत्राच्या) कॅलिब्रेशनची, म्हणजे त्याची अचूकता तपासल्याची, तारीख विचारा, ती वर्षाच्या आतली असावी. तपासताना कानात जाणारं टोक तुमच्यासमोर बदललं जातं का, ते पाहा. आणि मुख्य म्हणजे बोलण्याची सुरुवात कशी होते ते ऐका. चांगला ऑडिऑलॉजिस्ट आधी विचारतो, कुठे अडतं, घरी किती माणसं, काम काय, आधी यंत्र वापरलं होतं का, सोडलं तर का. टप्पा ३चा कागद पुढे करा. तो वाचला गेला आणि त्यावरून प्रश्न आले, तर माणूस कामाचा आहे. कागद बाजूला सारून कॅटलॉग उघडला गेला, तर आभार मानून उठा.

चॅनेलच्या, म्हणजे यंत्र सुरांचे किती वेगळे पट्टे करतं त्याच्या, आकड्यांवर फार वेळ घालवू नका. जास्त चॅनेल म्हणजे तितकं जास्त ऐकू येणं, असा हिशोब नसतो. त्यापेक्षा हे विचारा: "माझ्या यादीतल्या पहिल्या दोन प्रसंगांसाठी महागड्या मॉडेलमध्ये असं काय आहे जे खालच्यात नाही?" उत्तर तुमच्या प्रसंगांना धरून आलं पाहिजे.

सावधान: "आजच घेतलं तर सवलत" असं ऐकलं की त्या दिवशी काहीच घेऊ नका. कान आज आहेत तसेच पुढच्या आठवड्यातही असणार आहेत.

दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असेल आणि दोन यंत्रं सुचवली गेली, तर त्यात लगेच विक्रीचा डाव शोधू नका. आवाज कुठल्या दिशेने आला हे कळायला आणि गोंगाटात बोलणं वेगळं काढायला दोन कान लागतात. पण कारण तुमच्या ऑडिओग्रामवर बोट ठेवून सांगायला सांगा.

## टप्पा ७: सगळं लेखी

पैसे देण्याआधी एका कागदावर हे असायला हवं: मॉडेलचं पूर्ण नाव, यंत्राची किंमत आणि सेवेची किंमत वेगवेगळी, वापरून पाहण्याच्या मुदतीची शेवटची तारीख, परतीला कापली जाणारी रक्कम, वॉरंटीची वर्षं, हरवलं तर काय, साचा बसला नाही तर तो पुन्हा करून देण्याची जबाबदारी कोणाची, आणि रिअल इअर मेझरमेंटचा स्पष्ट उल्लेख. तोंडी आश्वासन देणारा माणूस पुढच्या वर्षी तिथे नोकरीला असेलच असं नाही.

दोन ठिकाणांची तुलना करताना मॉडेल तेच आहे का, हे अक्षरन् अक्षर जुळवा. त्याच नावाखाली वेगवेगळ्या पातळ्यांची यंत्रं असतात, शेवटच्या एका आकड्याचा फरक असतो. स्वस्त दिसणाऱ्या ठिकाणी नंतरच्या प्रत्येक भेटीचे पैसे वेगळे असतील तर हिशोब उलटा होतो.

## टप्पा ८: बसवण्याचा दिवस

रिअल इअर मेझरमेंट असं होतं: एका रेशमी दोऱ्याहून थोडी जाड, मऊ नळी कानात सरकवतात. तिचं टोक कानाच्या पडद्यापासून साधारण ५ मिलिमीटरच्या आत आलं पाहिजे. तिच्यावर यंत्र बसवतात. समोरच्या स्पीकरमधून बोलण्याचा आवाज येतो, आधी हळू, मग नेहमीसारखा, मग मोठा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुमच्या ऑडिओग्रामवरून काढलेली अपेक्षित रेघ दिसते. ती बहुधा एनएएल किंवा डीएसएल या पद्धतीने काढलेली असते. यंत्राची रेघ तिच्यावर येईपर्यंत सेटिंग बदलत जातात. दुखत नाही, थोड्या गुदगुल्या होतात. दोन्ही कानांचं मिळून अर्ध्या तासाच्या आसपास काम आहे. पडदा तुमच्याकडे वळवायला सांगा आणि त्या आलेखाची प्रत मागा.

पहिल्यांदाच यंत्र घालणाऱ्याला सुरुवातीला आवाज मुद्दाम थोडा कमी ठेवून पुढच्या भेटींत वाढवत नेतात. ते ठीक आहे, फक्त तसं ठरवून केलं आहे हे तुम्हाला माहीत हवं.

तपासा, खोलीतून निघण्याआधी: हनुवटी हलवली, हसलात, कानाशी हात नेला तर शिट्टी वाजते का? स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमतो का? कुठे टोचतं का? शिट्टी आणि घुमणं बहुतेकदा कानातल्या रबरी टोपीचा आकार बदलून किंवा साचा करून सुटतं. "सवय होईल" हे उत्तर पहिल्याच दिवशी स्वीकारू नका.

## टप्पा ९: वापरून पाहण्याचे आठवडे

यंत्र रोज घाला, फक्त पाहुणे आले की घालायचं असं नको. मेंदूला विसरलेले आवाज परत ओळखायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत नळाचं पाणी, कागदाची पिशवी, स्वतःच्या चपला, सगळं अंगावर येतं. त्यातलं बरंच आपोआप मागे पडतं. किती तास घातलं हे यंत्र स्वतः नोंदवून ठेवतं आणि ऑडिऑलॉजिस्टला ते दिसतं, तेव्हा दोन तास घालून "उपयोग नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

तक्रार नेमकी लिहा. "त्रास होतो" यावरून कोणीही काही बदलू शकत नाही. "चमचा ताटलीवर पडला की टोचतं", "बायको शेजारच्या खोलीतून बोलली तर कळत नाही, समोर बसून बोलली तर कळतं" यावरून बदलता येतं. (शेजारच्या खोलीतून बोललेलं कोणत्याच यंत्राने पूर्ण कळणार नाही, हेही तिथेच समजतं.)

टप्पा ३च्या यादीपुढे दर आठवड्याला लिहा: तसंच, थोडं बरं, बरंच बरं. मुदत संपायच्या आठ दिवस आधीची तारीख कॅलेंडरवर लाल करा आणि त्या दिवशी यादी घेऊन जा. पहिल्या दोन प्रसंगांत काहीच फरक नसेल तर सेटिंग पुन्हा मोजून घ्या. तरीही नसेल तर दुसरं मॉडेल मागा किंवा परत करा. परत करताना संकोच वाटतो, बाईंनी एवढा वेळ दिला असं वाटतं; पण ती मुदत त्यासाठीच दिलेली असते.

शेवटची तपासणी, मुदतीच्या आत: मळ अडवणारी बारीक जाळी बदलायला शिका, बघून नाही, त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने. "मशीन बंद पडलं" म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी यंत्रांत फक्त ती जाळी भरलेली असते. सेलचं यंत्र असेल तर चिकटपट्टी काढल्यावर सेल मिनिटभर उघडा ठेवून मग आत घालायचा, तो हवेवर चालतो. वडील किंवा आई वापरणार असतील तर हे दोन्ही त्यांच्या बोटांनी करून पाहू द्या. त्यांना जमलं नाही तर घरातल्या ज्याला हे रोज करावं लागणार आहे, त्याला त्या दिवशी सोबत न्या.